मदत हवी आहे: दीनानाथांची तान आणि आशाताईंची गायकी

आमच्या वाचनालयात आशा भोसले यांच्या गायकीवर ४० मिनिटांचे श्रवणसत्र सादर करायचे आहे. 'माझं बाळ' (१९४३) मधील दत्ता डावजेकरांच्या गाण्यापासून 'उमराव जान' (१९८१) साठी खय्याम यांनी मुद्दाम उतरवून घेतलेल्या पट्टीपर्यंतचा पल्ला त्यात आहे. ओ. पी. नय्यर आणि आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांची निवड झालेली आहे, त्यामुळे त्याबाबत सूचना नकोत. अडचण सुरुवातीच्या भागातच आहे.

आशाताईंचे वडील, गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या आक्रमक, अनपेक्षित वळणे घेणाऱ्या तानेचा वारसा आशाताईंच्या गळ्यात उतरला, असे आपण सहज म्हणतो. पण श्रोत्यांना तो कानांनी पटवायचा आहे. दीनानाथांच्या जेमतेम तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका आणि आशाताईंनी गायिलेली नाट्यपदे मी पाठोपाठ ऐकली. तान संपवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना दिलेला झटका दोघांत सारखा वाटतो, मात्र तो मूळ चालीचाच भाग असू शकतो, आणि माझे शास्त्रीय शिक्षण प्रवेशिकेपुरतेच आहे. नाट्यपदांतील साम्य अपेक्षितच असल्याने ते पुरावा म्हणून (निदान मला तरी) लंगडे वाटते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: नाट्यसंगीताबाहेरच्या आशाताईंच्या कोणत्या मराठी गाण्यात, नेमक्या कोणत्या ओळीवर, हा वारसा निःसंशय ऐकू येतो?