मालिकेच्या एकाच भागावरील मते कशी गोळा करावीत? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आमच्या शहापूर (बेळगाव) भागातील वाचकगटाने ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ या 28 जुलै 2008 पासून सुरू असलेल्या मालिकेतील गणेशोत्सवाचा एक भाग एकत्र पाहून प्रेक्षकांची मते लिहून घेण्याचे ठरविले आहे. मालिकेतील गोकुळधाम सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे हे मराठीभाषक शिक्षक, त्यामुळे मराठी माणूस हिंदी विनोदात कसा दिसतो, याविषयी सीमाभागातील घरांत काय वाटते, हे आम्हाला जाणून घ्यायचे आहे.

अडचण अशी की, भागाविषयी विचारले तरी उत्तर संपूर्ण मालिकेविषयी येते. खानापूरच्या एका आजींना भिडेंच्या प्रसंगाबद्दल विचारले, तर त्यांनी कागद बाजूला सारून “दया गेली आणि सगळी मजाच गेली बघा” एवढेच सांगितले. (मत म्हणून ते खोटे नाही, दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी 2017 पासून मालिकेत नाहीत.)

भाग पाहण्यापूर्वी प्रश्न द्यावेत की नंतर? मला नंतर देणे योग्य वाटते, कारण आधी दिल्यास माणसे हसायचे सोडून उत्तरे शोधत बसतात. शेजारची कन्नडभाषक मंडळीही येणार असल्याने प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत असावी, की मराठी-कन्नड जाणणाऱ्याने शेजारी बसून तोंडी विचारावे? निपाणी, चिक्कोडी परिसरात कुणी असा प्रयोग केला असल्यास प्रश्नांचा नमुना कृपया येथे द्यावा.