बाबांसाठी छोटा कॅमेरा: झूम जास्त हवा की व्ह्यूफाइंडर? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा 72 वर्षांचे आहेत. रोज सकाळी पाषाण तलावावर फिरायला जातात आणि वर्षभरात त्यांना पक्ष्यांचं वेडच लागलंय. मोबाइलमध्ये पक्षी म्हणजे नुसता ठिपका येतो. उजवा खांदा आखडलाय, त्यामुळे डीएसएलआर आणि मोठी लेन्स झेपणार नाही. खिशात मावेल असाच कॅमेरा हवा.

एका स्नेह्यांचा कॅनन एसएक्स 740 एचएस दोन रविवार वापरायला मिळाला. 40 पट झूम, म्हणजे 24 ते 960 मिमी, आणि वजन जेमतेम 300 ग्रॅम. काठावर स्तब्ध उभा असलेला वंचक बगळा इतका सुरेख आला की मानेवरच्या रेघा मोजून घ्याव्यात. बाबांनी तो फोटो घरात सगळ्यांना दोन-दोनदा दाखवला. खंड्याने मात्र निराश केलं. सकाळ ढगाळ होती. पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर एफ 6.9 होतं, म्हणजे लेन्समधून उजेड कमी येतो, मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढतो आणि एवढ्याशा सेन्सरवर पंखांचा निळा रंग ओल्या कागदावर फुटल्यासारखा दिसतो. रॉ फाइलही (नंतर सुधारता येणारा कच्चा फोटो) मिळत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही. ऊन वर आलं की स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि हात लांब करून धरल्यामुळे पक्षी चौकटीतून सारखा निसटतो. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, पण पक्षी शोधून देत नाही. "अरे, आत्ता तर इथेच होता," असं बाबा म्हणतात तेव्हा वाईट वाटतं.

म्हणून सोनी एचएक्स 99 बघतोय. झूम 720 मिमीपर्यंतच, सेन्सर तेवढाच छोटा, पण व्ह्यूफाइंडर वर येतो आणि रॉ मिळते. सोनीच्याच आरएक्स 100 मार्क 7 चा 1 इंची सेन्सर क्षेत्रफळाने याच्या चौपट आहे, पण झूम 200 मिमीला संपतो आणि किंमतही परवडणारी नाही.

एचएक्स 99 वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: चष्मा लावून त्या इवल्याशा व्ह्यूफाइंडरमधून नीट दिसतं का? बाबांचा चष्मा जाड आहे, ते तो काढू शकत नाहीत. माझा कल याच कॅमेऱ्याकडे आहे, पण सगळं या एका गोष्टीवर अडलंय. पुण्यात कुणाकडे असेल तर पाच मिनिटं बाबांच्या हातात देता येईल का? पाषाण, बाणेर, औंध, कुठेही येऊ. जानेवारीत त्यांना भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला न्यायचंय, त्याआधी घ्यायचा आहे.