दर १५ अंशांवर थांबणारी फिरती तबकडी: मोटर बदलू की कोड?

लाकडी_भोवरा:
सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे चहूबाजूंनी फोटो घ्यायचेत, एका फेरीत २४. तबकडी ३० सेंमी, एमडीएफची. वजन २ किलोपर्यंत. काम वेंगुर्ल्यात. सध्या २८बीवायजे-४८ मोटर आहे (गिअर असलेली छोटी स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी, स्टेपने फिरणारी मोटर), ४०९६ स्टेपला एक फेरी धरलीय. दर फेरीला तबकडी थोडी पुढे जाते, दहाव्या फेरीला समोरचा फोटो तिरका येतो.

खारा_वारा:
मोटर बदला. त्या मोटरीचं गिअर गुणोत्तर ६४ नाही, साधारण ६३.६८ आहे. फेरी ४०७६ च्या आसपास पूर्ण होते, म्हणून दर वेळी सुमारे १.८ अंश जास्त. आकडा सुधारलात तरी गिअरची ढिलाई राहतेच.

२०० स्टेपची नेमा १७ (मोठी, बिनगिअरची स्टेपर मोटर) घ्या. मोटरवर २० दात्यांची पुली, तबकडीखाली ६० दात्यांची, वर जीटी२ हा दातेरी पट्टा. १/१६ मायक्रोस्टेपला (एका स्टेपचे १६ भाग, दर भागाला एक पल्स) तबकडीची एक फेरी ९६०० पल्स, १५ अंशांना नेमके ४००. म्हणजे २५ पूर्ण स्टेप, त्यामुळे मायक्रोस्टेपची असमानता थांब्यावर येतच नाही.

पुढे ३६ फोटो हवे झाले तर भाग जात नाही. दर वेळी २६७ मिळवत गेलात तर फेरीमागे ०.४५ अंश चूक साठते. थांब्याचा क्रमांक × ९६०० ÷ ३६ असं शून्यापासून, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून मोजा. कोड आर्डुइनो उनो आर३ बोर्डावर असेल तर आकड्यासाठी लाँग (मोठा पूर्णांक) वापरा, इंट (लहान पूर्णांक) चौथ्याच थांब्याला ओसंडतो.

लाकडी_भोवरा:
मोटरला करंट देणारा ए४९८८ ड्रायव्हर बोर्ड चालेल? आणि शून्य कसं ओळखायचं?

फ्यूज_उडाला:
चालेल. मोटरचा करंट बोर्डावरच्या व्हीरेफ या व्होल्टेजने ठरतो: व्हीरेफ = ८ × करंट × सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा). त्या रेझिस्टरवर आर१०० (०.१ ओहम) दिसलं तर १ अँपियरला ०.८ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.४. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा उचलू नका. १२ व्होल्ट सप्लाय, ड्रायव्हरला चिकटून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढलीत तर ड्रायव्हर गेलाच समजा.

शून्यासाठी ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा), १० किलोओहमचा पुल-अप (सिग्नल आणि प्लस यांच्यामधला रेझिस्टर) आणि तबकडीखाली बारीक चुंबक. सेन्सर दाद देत नसेल तर चुंबक उलटं करा, त्याला एकच ध्रुव कळतो. तो चालू होतो एका जागी, बंद होतो दुसऱ्या जागी, तेव्हा शून्यावर नेहमी एकाच बाजूने, सावकाश या. पावसात लाईट जाणारच. सुरू झाल्यावर पहिलं काम शून्य शोधणं.

खारा_वारा:
एमडीएफ आधी काढा हो! ओल पिऊन फुगतं, पुलीचा मध्य सरकतो, पट्टा एका बाजूला ताठ नि दुसऱ्या बाजूला सैल. १२ मिमी मरीन प्लाय लावा. तबकडीखाली पत्र्याचं बेअरिंगही नको, गंजून खरखरलं की मोटर स्टेप गाळते. ॲल्युमिनियमचं घ्या, गोळ्यांना ग्रीस द्या.

वेग हळूहळू चढवा-उतरवा, थांबल्यावर अर्धा-पाऊण सेकंद जाऊ दे, मग शटर. लाखेचं बूड गुळगुळीत असतं, खाली पातळ रबर नसेल तर तबकडी बरोबर थांबेल आणि खेळणं घसरेल.

लाकडी_भोवरा:
फोटो झाल्यावर उलटी फिरवून शून्यावर आणू?

फ्यूज_उडाला:
नको, पुढेच फिरवा. दिशा बदलली की पट्ट्याची ढिलाई आधी भरते, तबकडी मग हलते. आणि दोन फोटोंच्या मध्ये ड्रायव्हर बंद करू नका, मोटर कोमट झाली तरी चालेल.