राजस्थानातली संरक्षित क्षेत्रं वाढतायत, पण नेमकं काय वाढतंय?

वाळूचा_माग: रामगढ विषधारी २०२२ साली व्याघ्र प्रकल्प झाला, धौलपूर-करौली २०२३ साली. त्याशिवाय 'संवर्धन राखीव' क्षेत्रांची यादी लांबतच चालली आहे. नवी अभयारण्यं करण्याऐवजी हाच प्रकार इतका का वापरतात? आणि मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात गावं नि गुरं कशी काय?

कलम_छत्तीस: दुसऱ्याचं उत्तर आधी. नाव राष्ट्रीय उद्यान असलं, तरी जैसलमेर-बाडमेरमधलं हे ३,१६२ चौ. किमी क्षेत्र कायद्याने अभयारण्यच आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई असते. अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवतात.

अभयारण्य करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांनी आतल्या प्रत्येक हक्काची चौकशी करून निवाडा द्यावा लागतो. संवर्धन राखीव (वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६-अ, २००२ची दुरुस्ती) सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून जाहीर करता येतं. सल्लागार समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. बिबट्यांसाठी जवाई आणि गिधाडांसाठी बिकानेरजवळचं जोडबीड अशीच झाली.

पण त्यातली उणीव मोठी आहे. आग लावणं, स्फोटकं किंवा घातक रसायनं वापरणं यांवरची बंदी तिथे लागू होते. अधिवास नष्ट करण्यावरची बंदी (कलम २९) होत नाही. नुसते चौरस किलोमीटर मोजून समाधान मानू नका.

सेवण_गवत: आणि जाहीर झाल्यावर आत काय करतात, हेही बघा. माळढोकाला उघडं सेवण गवत लागतं. तिथे 'हिरवाई' म्हणून झाडं लावली की त्याचं घरच जातं. विलायती बाभूळ वरून तोडून भागत नाही, बुंध्यापासून पुन्हा फुटते. जमिनीखालून खणून काढावी लागते. शेंगा खाल्लेल्या गुरांच्या शेणातून बी पसरतं, त्यामुळे साफ केलेल्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर रोपं उपटायला पुन्हा जावंच लागतं.

माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, म्हणून विणीच्या जागेभोवती जाळीचं कुंपण हवं. जाळीचा तळ पुरलेला नसला तर वारा खालची वाळू उडवतो आणि कुत्री आत शिरतात. उलट वाळू साचून ढीग झाला तर त्यावरून चढून येतात. दर वादळानंतर कुंपणाची फेरी मारायलाच हवी.

विजेच्या तारांपुढे मात्र कुंपण काही कामाचं नाही. पक्षी जड आणि समोरचं त्याला कमी दिसतं. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही.

खसरा_नंबर: माझ्या मते खरी वाढ ओरणांमधून व्हायला हवी. देवाच्या नावाने राखलेल्या या चराऊ जमिनी जिथे महसुली दप्तरात पडीक किंवा सरकारी म्हणून चढल्या आहेत, तिथे त्या सौर प्रकल्पांना देणं सोपं जातं. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानला ओरणांचं सर्वेक्षण करून कलम ३६-क खाली सामुदायिक राखीव करण्याबाबत निर्देश दिले. त्या दर्जात व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही.

गावाने आधी जमाबंदी (जमिनीच्या हक्कांचा उतारा) काढून 'गैर मुमकिन ओरण' (लागवडीखाली नसलेलं ओरण) अशी नोंद कोणत्या खसऱ्यांना (जमिनीच्या तुकड्यांच्या क्रमांकांना) आहे ते पाहावं. प्रत्यक्ष हद्द बहुतेकदा त्याहून मोठी निघते. सुटलेले खसरे नकाशावर दाखवून ग्रामसभेचा ठराव करावा, मग जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक दोघांकडे अर्ज द्यावा. ३६-क फक्त सामुदायिक किंवा खासगी जमिनीला लागतं, त्यामुळे 'सरकारी' नोंद दुरुस्त न करता पाठवलेला प्रस्ताव तिथेच अडकू शकतो.