दुबईच्या सहलीत डॉल्फिन शो: जावं की वगळावं?

कोथरूडकर
आमच्या सोसायटीतली चार कुटुंबं मे महिन्यात दुबईला निघाली आहेत. टूरच्या कार्यक्रमात डॉल्फिन शो आहे. माझं मत, तो वगळावा. 1998 साली चेन्नईजवळच्या डॉल्फिन सिटी नावाच्या पार्कात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते, काही महिन्यांतच ते मेले. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सगळ्या राज्यांना परिपत्रक पाठवलं की डॉल्फिनेरियमला, म्हणजे टाकीत डॉल्फिन ठेवून शो करायला, परवानगी देऊ नका. जे इथे नको म्हटलं, त्याचं तिकीट तिथे जाऊन का काढायचं?

औंधचे आजोबा
पटत नाही. आपण गेलो नाही म्हणून ते डॉल्फिन समुद्रात सोडणार आहेत का? तिथे त्यांना डॉक्टर आहेत, वेळेवर खाणं आहे. माझ्या नातीने असा शो पाहिला, तेव्हापासून ती समुद्री जीवांवरची पुस्तकं मागते. कात्रजला वाघ दाखवायला नेतोच ना आपण मुलांना?

कोथरूडकर
काका, आहेत ते सुटणार नाहीत, खरंय. पण प्रेक्षकच नसले तर नवी पिल्लं कशाला वाढवतील? अमेरिकेत सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांचे शो करणाऱ्या कंपनीवर टीका झाली, गर्दी घटली, तेव्हा 2016 मध्ये त्यांनी ऑर्कांचं, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातल्या मोठ्या काळ्या-पांढऱ्या प्राण्यांचं, प्रजनन बंद केलं. कात्रजच्या वाघाला कुणी टाळ्यांसाठी उड्या मारायला लावत नाही. सर्कशीतले वाघ-अस्वल तर आपण कायद्यानेच थांबवले.
डॉल्फिनचं सगळं जगणं आवाजावर चालतं. तो बारीक टकटक सोडतो आणि प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे ते ओळखतो. टाकीत काय ओळखणार? चारी बाजूंनी तीच भिंत, वर लाउडस्पीकर, मासा बादलीतून. जबड्याची ठेवणच तशी, म्हणून तो हसरा वाटतो. मेला तरी तसाच दिसतो. नातीला हेही सांगा, तिला नक्की कळेल.

मीनल_धनकवडी
आणि हर्णै, तारकर्लीचं काय? डॉल्फिनच्या पाठीचा पर दिसला की सगळ्या होड्या इंजिन पेटवून त्याच्यामागे. मी कोकणातली आहे, होडीवाल्यांचं पोट त्यावर आहे हे मला कळतं. तरी आधी तिथे शिस्त मागा, मग दुबई.

औंधचे आजोबा
मीनल, तुझं म्हणणं पटलं. शोचं अजूनही नाही.

कोथरूडकर
मीनलताई, दोन्ही मागूया. होडीवाल्याला लांब थांबून इंजिन बंद करायला सांगता येतं, आणि नको वाटलं तर डॉल्फिन बुडी मारून निघून जातो. टाकीतला कुठे जाणार? शो वगळला तर तेवढे पैसे कमी होतील का, असं टूरवाल्यांना विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकतो.