मैना केवळ एका गाण्यापुरती नव्हे

जुन्या काळातील गायिका-अभिनेत्री शांता हुबळीकरांची ओळख एका गाण्यापुरतीच उरली आहे, असे म्हटले जाते; ते मत मला अपुरे वाटते. १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटातील ‘कशाला उद्याची बात’ हे अनेक भाषांत गायलेले गाणे पुन्हा पाहावे. भाषा बदलताच त्यांनी साकारलेल्या मैनेचे हावभाव, उच्चार आणि अंगाची लय बदलते, आणि हे सारे पार्श्वगायनाचा आधार न घेता, स्वतःच्या गळ्याने गात चाललेले असते. हुबळीकडच्या कन्नड मुलखातून येऊन त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या मराठी बोलपटात इतके अस्सल उभे राहावे, याचे मोल घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आम्हा बेळगावकरांना विशेष जाणवते. पुढे १९४२ मध्ये ‘जीवन नाटक’ या कन्नड चित्रपटातही त्या नायिका होत्या. आपल्याकडच्या चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही, याची खंत वाटते.