फायरप्लेसचं तोंड रुंद करायचंय, वरच्या विटकामाला आधार कसा द्यायचा? (खडकी, पुणे)

खडकीकर: नमस्कार मंडळी. आमचं जुनं ब्रिटिशकालीन बैठं घर आहे, चुन्यातल्या भिंती. हॉलमध्ये वापरात नसलेली फायरप्लेस आहे, तोंड अडीच फूट, वर विटांची कमान. ते चार फूट करून पुस्तकांचं कपाट बसवायचंय. मिस्त्री म्हणतो दोन बल्ल्या लावू, ब्रेकरने एका दिवसात फोडून देतो, वरच्या विटा एकमेकींना धरून राहतात. मला काही पटेना. काय करू? आणि चांगला इंजिनियर कसा शोधू?

नारायणपेठी: आमच्या वाड्यात दार काढताना आधी भिंतीच्या एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच मारून लोखंडी चॅनेल बसवला, वरची फट गच्च भरली, ती सेट झाल्यावर दुसऱ्या बाजूने तसंच केलं, दोन्ही चॅनेल बोल्टने जोडले आणि मगच खालच्या विटा काढल्या. एक तडा नाही गेला.

सिव्हिलवाली: वरची पद्धत साध्या भिंतीला उत्तम, पण इथे विटकामाच्या मागे पोकळ धुराडं आहे, तिकडून हात कुठे पोचणार. खडकीकर, धुराड्याचा पुढे आलेला भाग एकूण किती रुंद आहे आणि मागची भिंत बाहेरची आहे का?

खडकीकर: साडेपाच फूट. हो, मागे अंगण.

सिव्हिलवाली: मग चार फूट काढल्यावर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच उरतात, म्हणजे एकेक वीट, आणि छपराबाहेरपर्यंतचं सगळं वजन त्यांच्यावर! विटा एकमेकींना धरतात ते बाजूला भरीव भिंत असेल तर, कारण कमान वजन खाली देते तसं बाजूलाही ढकलते. लिंटेलला (तोंडावरच्या आडव्या तुळईला) दोन्हीकडे किमान सहा इंच बेअरिंग, म्हणजे टेकायला जागा, मिळेल हो, पण त्याखालची चुन्यातली वीट ते पेलेल का, हा खरा प्रश्न आहे. मी असते तर तीन फुटांवर थांबले असते.

आधार असा. नव्या लिंटेलच्या वर आरपार भोकं पाडून लोखंडी आय-बीम (I आकाराच्या तुळया) घालायचे, एक टोक हॉलमध्ये प्रॉपवर (तात्पुरत्या टेकूवर), दुसरं अंगणात प्रॉपवर. भोकात बीमवर प्लेट आणि मॉर्टर गच्च भरायचं, नाहीतर बीम नुसताच लटकतो, वजन घेत नाही. प्रॉपखाली जाड फळ्या, थेट शहाबादी फरशीवर नकोच. ब्रेकर तर अजिबात आणू देऊ नका, हादऱ्याने जुना चुना सुटतो, कटरने एकेक वीट काढा. लिंटेल बसल्यावर वरच्या फटीत जवळजवळ कोरडं सिमेंट-वाळू ठोकून भरा, ते कडक झाल्यावरच प्रॉप हळूहळू सैल करा. लिंटेल जागेवर काँक्रीटचा ओतलात तर प्रॉप १४ दिवस हलवू नका.

नारायणपेठी: इंजिनियरला फोनवरच विचारा, चुन्याचं लोड-बेअरिंग काम (जिथे भिंतीच वजन पेलतात) केलंय का, बरेच जण फक्त आरसीसीवाले (सळई-काँक्रीटवाले) असतात. आणि कॅन्टोन्मेंट हद्दीत असाल तर बोर्डाची परवानगी आधी.

खडकीकर: मिस्त्रीला थांबवलंय. कपाट तीन फुटांचंच करू, इंजिनियर बघून गेला की इथेच कळवतो.